एकच रूळ, दोन गाड्या: क्रॉसिंग कुठे आणि कोणी ठरवायचं?

कोकणात जाणारी गाडी विन्हेऱ्याला थांबते. नाहीतर उक्षीला. चढणारं-उतरणारं कोणी नाही, वेळापत्रकात थांबा नाही. दहा मिनिटं जातात, पंधरा जातात. मग डब्यातला एखादा मुरलेला चाकरमानी खिडकीबाहेर न बघताच जाहीर करतो, ‘क्रॉसिंग आहे.’ म्हणजे समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायची आहे. सगळे मान डोलावतात. पण आपणच का थांबलो, समोरची का नाही? याच स्टेशनात का? आणि समोरची धडधडत निघून गेली तरी आपली जागची का हलत नाही? एवढं कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी सांगणारा भेटत नाही. उत्तरं मात्र फार अवघड नाहीत.

मुंबईकडून येणारी गाडी रोह्यापर्यंत दुहेरी मार्गावरून येते. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा टप्पाही ऑगस्ट २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीर मागे पडलं की मात्र जाणारी आणि येणारी गाडी रुळांच्या एकाच जोडीवरून. मंगळुरूजवळच्या ठोकूरपर्यंत, एखाददुसरा छोटा तुकडा सोडला, तर हीच स्थिती. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण खुल्या झालेल्या या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल आहेत. डोंगर पोखरला तो एका गाडीपुरता, पूल बांधले तेही एका गाडीपुरते.

पाणंदीत दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकाला बैल मागे घ्यावे लागतात. आगगाडीला ही सोय नाही. ताशी ११० च्या वेगातली गाडी ब्रेक लावल्यावरही साधारण किलोमीटरभर पुढे जाते. त्यात वळणं आणि बोगदे, म्हणजे चालकाला समोरचं दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. गाड्या चालकांच्या नजरेवर चालवताच येत नाहीत. कोण कुठे थांबेल हे त्या एकमेकींच्या टप्प्यात येण्याआधीच ठरलेलं असावं लागतं.

कागदावरच्या तिरक्या रेघा

ते ठरतं एका आलेखावर. आडव्या दिशेला दिवसाचे चोवीस तास, उभ्या दिशेला ओळीने स्टेशनं. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. मुंबईकडून मडगावला जाणारीची रेघ एका बाजूला कललेली, मडगावहून येणारीची उलट बाजूला. वेगवान गाडीची रेघ उभट, मालगाडीची लोळलेली. गाडी थांबली की तेवढा वेळ रेघ आडवी. रेल्वेत वेळापत्रक आधी या रेघांच्या रूपात जन्माला येतं. आपण बघतो ते आकड्यांचे तक्ते मागाहून काढलेले असतात.

या आलेखाला एकेरी मार्गावर एकच अट असते, पण ती मोडता येत नाही: उलट दिशांच्या दोन रेघांनी एकमेकींना छेदायचं ते फक्त स्टेशनाच्या रेषेवर. दोन स्टेशनांच्या मध्ये छेद आला तर तो अपघात. आणि स्टेशन म्हणजे तिकीट खिडकी असलेलं कोणतंही ठिकाण नव्हे. जिथे मुख्य रुळाला फाटा फुटून, थोडं समांतर जाऊन तो पुन्हा मुख्य रुळाला मिळतो, म्हणजे जिथे लूप लाइन आहे, अशीच जागा इथे कामाची. कोकण रेल्वेवरच्या कित्येक स्टेशनांत चढणाऱ्या माणसांपेक्षा वाट बघणाऱ्या गाड्यांचीच वर्दळ जास्त असते, याचं कारण हेच.

रोजच्या रोज हा आलेख हाकणाऱ्याला सेक्शन कंट्रोलर म्हणतात. (दोन स्टेशनांमधल्या रुळाच्या टप्प्याला आपण पुढे सेक्शन म्हणू.) तो स्टेशनात नसतो, कंट्रोल रूममध्ये असतो. पूर्वी त्याच्यासमोर मोठा कागद पसरलेला असे. प्रत्येक स्टेशन मास्तर फोनवरून ‘अमुक गाडी इतक्या वाजता गेली’ सांगे आणि हा रंगीत पेन्सिलीने रेघ पुढे ओढी. आता रेघा संगणकावर उमटतात. निर्णय मात्र अजूनही माणसाचाच: या दोघींना कुठे भेटवायचं, आणि कोणाला थांबवायचं.

एका क्रॉसिंगला एवढा वेळ का लागतो

समजा, आपली गाडी लूपवर घ्यायची ठरली आहे. मुख्य रुळावरून फाट्यावर वळताना वेग उतरवावा लागतो. गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या सांध्याची रचना कशी आहे त्यावर ताशी ३० किंवा १५ किलोमीटर. जवळजवळ अर्धा किलोमीटर लांबीची गाडी या वेगाने आत शिरायला किती वेळ घेईल ते मनातच मोजून बघा. आत येऊन ती अशी उभी राहिली पाहिजे की शेवटचा डबा फाउलिंग मार्कच्या आत असेल. ही रुळांमधली एक खूण असते. तिच्या पलीकडे डब्याचं टोक राहिलं तर शेजारच्या रुळावरून जाणारी गाडी त्याला घासेल.

मग गाडी सबंध आली का, हे बघायचं. हा प्रश्न ऐकायला वेडगळ वाटतो, पण कपलिंग तुटून मागचे दोन डबे मधल्या सेक्शनमध्येच राहिले असतील तर? म्हणून शेवटच्या डब्यावर ‘एलव्ही’ लिहिलेली पाटी आणि रात्री लाल दिवा असतो. ती पाटी दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली. आता बहुतेक ठिकाणी हे काम अ‍ॅक्सल काउंटर करतो. सेक्शनच्या दोन्ही टोकांना रुळाशी बसवलेलं हे यंत्र गाडीचे आस, म्हणजे चाकांच्या जोड्या, मोजतं. २४ डब्यांना प्रत्येकी चार आणि सहा आसांच्या इंजिनाचे सहा, म्हणजे आत गेले १०२. बाहेरही १०२ आले तरच सेक्शन मोकळा. एक कमी पडला तरी यंत्र सेक्शन मोकळा दाखवत नाही.

त्यानंतर सांधे बदलून मुख्य मार्ग जुळवायचा, तो कुलूपबंद झाला की समोरच्या गाडीला होम सिग्नल, म्हणजे स्टेशनात शिरू देणारा सिग्नल, द्यायचा. ती गेली, तिचीही पाटी दिसली. आता आपली सुटायला हवी ना? नाही. आपल्याला पुढच्या सेक्शनमध्ये सोडायला पुढच्या स्टेशनची परवानगी लागते, तिला लाइन क्लिअर म्हणतात. पुढच्या स्टेशन मास्तरने आधीच दुसऱ्या गाडीला तिकडून लाइन क्लिअर दिली असेल, तर आपण तिचीही वाट बघायची. समोरची गेली तरी आपली हलत नाही, यामागे बहुधा हेच असतं: एकीमागे एक अशा दोन गाड्या येत असतात.

दोन्ही गाड्या एकाच वेळी स्टेशनाशी पोचल्या तर? साधा विचार असा की एक लूपवर, एक मुख्य रुळावर, दोघींना एकदमच घ्या. पण लूपवर येणाऱ्या गाडीचे ब्रेक कमी पडले आणि ती लाल सिग्नलच्या थोडी पुढे घसरली, तर ती थेट समोरून येणारीच्या वाटेत जाते. म्हणून थांबण्याच्या सिग्नलपुढेही काही रूळ मोकळा राखावा लागतो. आधुनिक सिग्नलांच्या स्टेशनात साधारण १२० मीटर. तेवढी जागा किंवा घसरलेली गाडी वाळूत रुतवणारा सँड हंप नसेल, तर एकीला आधी पुरतं आत घेऊन उभं करायचं आणि दुसरीला तोवर स्टेशनाबाहेर होम सिग्नलपाशी रोखायचं. फलाट समोर दिसतोय आणि गाडी झाडीत उभी, असं होतं तेव्हा बऱ्याचदा आत कोणीतरी अजून नीट उभी राहायची असते.

गाडीत बसल्या बसल्या थोडं ओळखताही येतं. स्टेशनात शिरताना वेग उतरून डबा बाजूला हिंदकळला, तर आपण लूपवर आलो. समोरून गाडी आली तर क्रॉसिंग. मागून येऊन आपल्याच दिशेने पुढे गेली, तर ते ‘प्रेसिडन्स’, म्हणजे वेगवान गाडीला दिलेली वाट. दिवा-सावंतवाडीसारख्या गाडीच्या नशिबी एकाच स्टेशनात दोन्ही येतात. आधी समोरची जाते, मग मागची पुढे जाते, आणि मागची पुढचं स्टेशन गाठेपर्यंत आपल्याला सेक्शन मिळत नाही. अर्धा तास इथेच खर्ची पडतो.

उशिरा आलेली आणखी उशिरा का होते

कोणी थांबायचं याचा ढोबळ क्रम ठरलेला आहे. अपघातस्थळी निघालेली मदतगाडी सगळ्यांच्या आधी. मग राजधानी, वंदे भारत यांच्यासारख्या गाड्या, त्यानंतर सुपरफास्ट, मेल-एक्सप्रेस, त्याखाली पॅसेंजर, आणि तळाला मालगाडी. पण कंट्रोलर हा क्रम डोळे मिटून लावत नाही. कारण खरा गुंता क्रमाचा नसून उशिराचा असतो.

एक उदाहरण घेऊ. क आणि ख ही शेजारची दोन स्टेशनं, मधलं अंतर १० किलोमीटर, गाडीला १० मिनिटं लागतात. ठरलंय असं: तुतारी ९ वाजून ५० मिनिटांनी क ओलांडेल, १० वाजता ख मधून न थांबता जाईल. मांडवी ख ला लूपवर उभी असेल आणि तुतारी गेल्यावर १० वाजून २ मिनिटांनी क कडे सुटेल. (नावं नुसती सोयीसाठी घेतली आहेत.) आज तुतारी १२ मिनिटं उशिरा आहे.

पहिला मार्ग: ठरलंय तसंच करा. मांडवी ख ला बसून राहील, तुतारी १० वाजून १२ मिनिटांनी जाईल, मांडवी १० वाजून १४ मिनिटांनी सुटेल. दोघीही १२ मिनिटं उशिरा. मांडवीचा काही दोष नव्हता, तरी उशीर तिच्या अंगावर आला.

दुसरा मार्ग: तुतारी क ला पोचायला १० वाजून २ मिनिटं होणार आहेत. मांडवी ख ला आधीच येऊन उभी आहे. तिला ९ वाजून ५८ मिनिटांनीच पुढे सोडली तर ती १० वाजून ८ मिनिटांनी क ला पोचेल आणि क्रॉसिंग ख ऐवजी क ला होईल. मांडवीचा उशीर शून्य. पण तुतारीला क ला थांबावं लागलं. ती १० वाजून १० मिनिटांनी सुटून, शून्यापासून वेग घेत १० वाजून २२ मिनिटांच्या सुमारास ख ला येते. तिचे १२ मिनिटांचे २२ झाले.

बेरीज करून बघा. पहिल्यात दोघींचा मिळून उशीर २४ मिनिटं, दुसऱ्यात २२. जवळपास सारखाच. निवडायचं असतं ते एवढंच की तो दोघींत वाटायचा की एकीवरच टाकायचा. मांडवीच्या वाटेवर पुढे पाच गाड्यांची क्रॉसिंगं असतील तर तिचा १२ मिनिटांचा उशीर त्या पाचही जणींना लागेल. म्हणून कंट्रोलर बहुतेकदा उशीर एकीवर टाकतो, आणि ती असते आधीच उशिरा झालेली. आपली ठरलेली वेळ चुकलेली गाडी मग प्रत्येक स्टेशनात दुसऱ्यांना वाट देत बसते. सुरुवातीचे १२ प्रवासाअखेर दीड तासावर जातात आणि प्रवासी म्हणतात, रेल्वेने मुद्दाम केलं. एका अर्थाने मुद्दामच केलेलं असतं. फक्त हे कोणीतरी ध्वनिक्षेपकावरून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. क्रॉसिंगला येणाऱ्या गाडीचं नाव आणि अंदाजे मिनिटं एवढं स्टेशन मास्तरला ठाऊक असतंच. ते सांगायला खर्च काय येतो, हे मला आजवर समजलेलं नाही.

उलटही घडतं. शेवटच्या स्टेशनाआधी वेळापत्रकात थोडी मिनिटं राखून ठेवलेली असतात. म्हणूनच अर्धा तास उशिरा धावणारी गाडी शेवटच्या टप्प्यात एकाएकी वेळेवर येताना दिसते.

टक्कर न होण्याची कहाणी

एका सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी, हा नियम आज उघड वाटतो. तो अंमलात कसा आणायचा, यावर मात्र बरीच वर्षं आणि बरीच माणसं खर्ची पडली.

सुरुवातीला सगळा भार घड्याळावर होता. अमेरिकेत एकेरी मार्गावर ठरलेल्या स्टेशनात समोरच्या गाडीची वाट बघायची, ती येईपर्यंत हलायचं नाही. ती तासन्‌तास आली नाही तरी नाही. १८५१ साली न्यूयॉर्क राज्यात एरी रेल्वेचे सुपरिंटेंडेंट चार्ल्स मायनॉट यांची गाडी टर्नर स्टेशनात अशीच अडकली. त्यांनी तारेने पुढच्या स्टेशनाला विचारलं, समोरची गाडी तिथे पोचलेली नव्हती. ती आल्यास रोखून धरा, असा हुकूम पाठवून मायनॉट यांनी चालकाला गाडी काढायला सांगितली. त्याने साफ नकार दिला. शेवटी मायनॉट स्वतः इंजिनावर चढले आणि चालक धडकेच्या भीतीने शेवटच्या डब्यात, शेवटच्या बाकावर जाऊन बसला, अशी हकीकत आहे. काही झालं नाही. तारेवरून क्रॉसिंग बदलता येतं हे त्या दिवशी सिद्ध झालं.

पण तार म्हणजे शेवटी माणसाचा शब्द. १० सप्टेंबर १८७४ च्या रात्री इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथे त्याची किंमत मोजावी लागली. समोरून येणारी मेल सोडा, असा तारेचा निरोप एका बाजूने गेला आणि त्याच सुमारास इकडून एक्सप्रेसही सुटली. चूक ध्यानात आली तेव्हा मेल थांबवायची तार केली. मेल सुटून गेलेली होती. पावसाळी रात्री दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या, २५ माणसं मेली.

एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये पेटंट घेतलेलं यंत्र यावरचा उपाय होता, आणि त्यातली युक्ती फार सुंदर आहे. सेक्शनच्या दोन्ही टोकांच्या स्टेशनांत एकेक यंत्र, दोन्ही विजेच्या तारेने जोडलेली. त्यांत धातूच्या चकत्या. चकती हातात असल्याशिवाय चालकाने सेक्शनमध्ये शिरायचं नाही. आणि एका यंत्रातून एक चकती बाहेर आली की ती परत कुठल्यातरी एका यंत्रात पडेपर्यंत दोन्हींतून दुसरी निघतच नाही. शब्दाच्या जागी वस्तू आली. वस्तू एका वेळी एकाच माणसाच्या हातात असू शकते. विसराळूपणा, गडबड, चुकीचा निरोप यांना तिथे वावच उरला नाही.

भारतात याचंच भावंड गाजलं, ते म्हणजे नीलचं बॉल टोकन यंत्र. चकतीऐवजी सेक्शनचं नाव कोरलेला पोलादी गोळा. तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातून जुन्या सेक्शनचं कडं खाली टाकलं जाई आणि फलाटावर हात उंच करून उभ्या असलेल्या माणसाकडचं नवं कडं धावत्या इंजिनातला सहाय्यक दंडात अडकवून घेई. पन्नाशी ओलांडलेल्या बऱ्याच वाचकांनी हे पाहिलं असेल. रात्री, पावसात, दिवसातून अनेकदा हे करणाऱ्यांचं कसब कुठल्या पदकाला पात्र ठरलं नाही, ही वेगळी गोष्ट.

वस्तूही फसवते, जर तिच्याकडे कोणी बघितलंच नाही. २६ जानेवारी १९२१ ला वेल्समधल्या अ‍ॅबरम्यूल स्टेशनात चालकाने मागच्या सेक्शनची चकती दिली. ती या हातातून त्या हातात फिरत पुढच्या सेक्शनची समजून त्याच्याच हाती परत आली. त्यावरचं नाव ना देणाऱ्याने वाचलं, ना घेणाऱ्याने. समोरून एक्सप्रेस येत होती. १७ जण मेले, त्यांत त्या रेल्वे कंपनीचे एक संचालकही होते.

आता कोकण रेल्वेवर गोळा नाही, कडं नाही. दोन स्टेशनांतली यंत्रं, आस मोजणारे काउंटर आणि सिग्नल एकमेकांशी असे जखडलेले आहेत की लाइन क्लिअर मिळाल्याशिवाय सेक्शनमध्ये सोडणारा सिग्नल पिवळा-हिरवा होतच नाही. आणि तो झाला की समोरच्या स्टेशनाचा तोच सिग्नल लालच राहतो. मग अपघात होतातच कसे? यंत्रणा बाजूला ठेवल्यावर. फेब्रुवारी २०१६ मध्ये जर्मनीत बाड आयब्लिंगजवळ दोन गाड्या एकेरी मार्गावर समोरासमोर आदळल्या, १२ जण मेले. त्यांचं क्रॉसिंग कोल्बरमूर स्टेशनात व्हायचं होतं. सिग्नल यंत्रणा बरोबर अडवत होती, पण मोबाइलवरच्या खेळात गुंतलेल्या नियंत्रकाने खास परवानगीचा सिग्नल देऊन तिला वळसा घातला. त्याच वर्षी जुलैत इटलीत आंद्रिया आणि कोरातो यांच्यामध्ये २३ जण मेले. तिथे सेक्शन मोकळा असल्याची खात्री अजूनही टेलिफोनवर होत होती. थॉर्पनंतर १४२ वर्षांनी!

भारतीय रेल्वेच्या नियमांत या सगळ्यातून सुटण्याचा एक मजेदार मार्गही आहे: ‘वन ट्रेन ओन्ली’. एका फाट्यावर एका वेळी एकच गाडी सोडायची, ती परत आल्याशिवाय दुसरी नाही. टक्कर कोणाशी होणार? विदर्भातल्या शकुंतलेसारख्या निवांत मार्गांना शोभणारी ही पद्धत. कोकण रेल्वेला ती कशी परवडावी.

गाड्या दीडपट, क्रॉसिंगं सव्वादोनपट

कारण कोकणात मागणी गाड्या वाढवण्याचीच आहे. गणपतीत तर विशेष गाड्यांची रांग लागते. आणि त्या वाढल्या की सगळ्याच उशिरा का धावू लागतात, हे साध्या गणितात दिसतं.

समजा, एका टोकापासून दुसऱ्या टोकाला १० तास लागतात आणि प्रत्येक दिशेने दिवसाला २० गाड्या सुटतात. आपण निघालो तेव्हा समोरून येणाऱ्या, म्हणजे मागच्या १० तासांत तिकडून सुटलेल्या गाड्या वाटेत आहेतच. त्याखेरीज आपल्या प्रवासाच्या १० तासांत आणखी सुटतील. म्हणजे २० तासांतल्या सगळ्या गाड्या आपल्याला भेटणार: साधारण १७. आता गाड्या ३० केल्या तर प्रत्येकीला २५ भेटतील. अख्ख्या मार्गाची दिवसाची क्रॉसिंगं मोजली तर आधी सुमारे ३३३, आता ७५०. गाड्या दीडपट, क्रॉसिंगं सव्वादोनपट. आणि प्रत्येक क्रॉसिंगमध्ये कोणीतरी पाच-दहा मिनिटं गमावणार.

मार्ग किती गाड्या पेलेल, हे काढायला भारतीय रेल्वे जुनं स्कॉटचं सूत्र वापरत आली आहे. सगळ्यात लांब सेक्शन पार करायला सर्वांत संथ गाडीला लागणारा वेळ आणि लाइन क्लिअर वगैरेंची मिनिटं यांची बेरीज करायची. दिवसाच्या १४४० मिनिटांना तिने भागायचं. येईल त्याच्या ७० टक्के धरायचे, कारण रूळ दुरुस्तीलाही वेळ हवा. १५ आणि ५ मिळून २० मिनिटं असतील तर उत्तर येतं दिवसाला ५०, दोन्ही दिशा मिळून. आता त्या लांब सेक्शनच्या मधोमध एक लूप असलेलं स्टेशन टाका. साडेसात आणि पाच, म्हणजे साडेबारा मिनिटं. उत्तर ८० च्या आसपास. नवा बोगदा नाही, नवा पूल नाही, फक्त एक फाटा आणि सिग्नल.

सापे वामने, कळंबणी बुद्रुक, कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, अचिर्णे ही स्टेशनं कोकण रेल्वेवर अलीकडे उगवली, ती याच हिशेबाने. गावकऱ्यांना थांबा मिळाला तर तो वरचा फायदा. सूत्रातला सगळ्यात लांब सेक्शनच अख्ख्या मार्गाची मर्यादा ठरवत असल्यामुळे लूप कुठेही टाकून भागत नाही. दोन स्टेशनांमधलं सगळ्यात जास्त मिनिटं खाणारं अंतर आधी तोडावं लागतं, आणि ते नेमकं घाटात, बोगद्यांच्या गर्दीत असतं.

पावसाळ्यात तर मिनिटांचा हिशेबच बदलतो. दरडींच्या भीतीने वेग उतरवतात, मुसळधार पावसात समोरचं दिसेनासं झालं तर ताशी ४० च्या वर जायचं नाही असा चालकांना आदेश असतो. १२ मिनिटांचा सेक्शन २० मिनिटं घेऊ लागतो. मग नुसत्या वेळा पुढे ढकलून चालत नाही, कारण सगळ्या रेघांचे कल बदलल्यावर त्यांचे छेद स्टेशनांवरून सरकतात. म्हणून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं. एरवी आठवड्यातून सहा दिवस धावणारी मुंबई-मडगाव वंदे भारत त्या काळात तीनच दिवस धावते.

दुहेरीकरण झालं की हे सगळं संपेल, असं म्हणणारे चूक नाहीत. दोन रूळ असले की समोरची गाडी काही सेकंदांची गोष्ट होते. दोघी ताशी ११० ने धावत असतील तर २२ डब्यांची अख्खी गाडी खिडकीसमोरून साडेआठ सेकंदांत जाते. रोहा-वीरमध्ये हे आता घडतंच. तिथे कंट्रोलरला क्रॉसिंग अमुक स्टेशनातच घडवायचं बंधन नाही. ४७ किलोमीटरमध्ये कुठेही भेटा. पण त्यासाठी दोन्ही गाड्या त्या तुकड्यात एकाच वेळी असायला हव्यात. दक्षिणेकडून येणारी तासभर उशिरा झाली की ती भेट वीरच्या दक्षिणेला, पुन्हा एकेरीवर सरकते. आणि तिथून पुढे दुसरा रूळ टाकायचा तर रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा शेजारी नव्याने खणावा लागेल, त्याच्यासारखे लहानमोठे इतर बोगदे आणि पूलही. एकदम सगळं होणार नाही. म्हणून माझं मत असं की मागणी ‘दुहेरीकरण करा’ एवढ्यावर सोडू नये. कोणता सेक्शन आज सगळ्यात जास्त मिनिटं खातो आणि तिथे लूप बसतो की दुसरा रूळ, हे आकड्यांसह मागावं. कंट्रोल रूममधल्या आलेखावर आडव्या रेघांची दाटी कुठे आहे ते रोज दिसतं, आणि तो आलेख लोकांपुढे ठेवण्यात गुपित फुटण्यासारखं काही नाही.